लिथियम बॅटरी आणि बदलते तापमान : कारण की निमित्त?

बंगळुरूच्या मारतहळ्ळी भागात बाह्य वळण रस्त्यालगत भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचा, अर्थात इस्रोचा, ‘आयसाईट’ हा परिसर आहे. देशाच्या उपग्रहांची जुळणी आणि चाचणी करणारे हे केंद्र आहे. उड्डाणापूर्वी उपग्रह निर्वात कक्षात ठेवून आलटून पालटून तीव्र उष्णतेला आणि तीव्र थंडीला सामोरा नेला जातो, आणि या परीक्षेत उतरल्यावरच तो प्रक्षेपण तळाकडे रवाना होतो. याच परिसराबाहेरच्या रस्त्यांवर घरोघरी जेवण आणि किराणा पोहोचवणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटर दिवसभर धावत असतात. अवकाशयान आणि स्कूटर यांच्यात साम्य शोधण्याचे वरकरणी कारण नाही. मात्र दोहोंत ऊर्जा साठवणारे साधन एकाच कुळातले आहे, ते म्हणजे लिथियम-आयन बॅटरी. फरक आहे तो या बॅटरीच्या तापमानाविषयी पाळल्या जाणाऱ्या शिस्तीचा.

गेल्या काही वर्षांत ही बॅटरी घराबाहेर पडली आहे. भ्रमणध्वनी आणि संगणकापुरती ती मर्यादित होती, तेव्हा तिला ऊन, पाऊस आणि थंडी यांचा सामना क्वचितच करावा लागत असे. आता स्कूटर, रिक्षा, रस्त्यांवरील सौर दिवे, देखरेखीचे कॅमेरे, शेतातील फवारणीचे ड्रोन आणि गिर्यारोहकांच्या डोक्यावरील विजेरी अशा अनेक साधनांत ती बसवली जाते. द्रासमध्ये हिवाळ्यात पारा उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली जातो, तर नागपूरमध्ये मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांची नोंद झाली होती. एकाच देशात सुमारे ७० अंशांचा हा पल्ला आहे. त्यामुळे बॅटरीने कोणत्या तापमानात काम करावे आणि कोणत्या तापमानात करू नये, हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. तो नागरिकांच्या सुरक्षिततेशी आणि अनेकांच्या रोजगाराशी जोडला गेला आहे.

चंद्रावरील एक दिवस

तापमानाची मर्यादा किती कठोर असते, हे देशाने २०२३ मध्ये पाहिले. चांद्रयान-३ चे ‘विक्रम’ हे अवतरक यान २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. या यानाची जुळणी आणि चाचण्या बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात झाल्या होत्या. यानावरील ‘चास्टे’ या उपकरणाने चंद्राच्या मातीत शिरून तापमान मोजले. पृष्ठभागावर ते ५० अंशांहून अधिक होते, तर अवघ्या ८ सेंटीमीटर खोलीवर ते उणे १० अंशांच्या आसपास होते. वीतभराहून कमी अंतरात ६० अंशांचा हा फरक शास्त्रज्ञांनाही लक्षणीय वाटला.

या मोहिमेचे आयुष्य एका चांद्रदिवसाचे, म्हणजे पृथ्वीवरील सुमारे १४ दिवसांचे ठरवण्यात आले होते. त्यानंतर येणाऱ्या तितक्याच दीर्घ रात्री तापमान उणे १२० अंशांच्याही खूप खाली जाते. ‘प्रज्ञान’ ही बग्गी २ सप्टेंबर रोजी, तर ‘विक्रम’ ४ सप्टेंबर रोजी निद्रावस्थेत नेण्यात आले. ‘प्रज्ञान’ची बॅटरी त्या वेळी पूर्ण भरलेली होती आणि पुढच्या सूर्योदयाचा प्रकाश पडेल अशा रीतीने तिचे सौर पटल वळवून ठेवण्यात आले होते. २२ सप्टेंबर रोजी इस्रोने संपर्काचा प्रयत्न केला, मात्र संकेत मिळाले नाहीत. याला मोहिमेचे अपयश म्हणता येणार नाही. रात्र सोसण्यासाठी ही याने बनवलेलीच नव्हती, आणि ही मर्यादा आधीच जाहीर करण्यात आली होती.

इतर देशांचे अनुभव या संदर्भात उद्बोधक आहेत. जपानचे ‘स्लिम’ हे यान जानेवारी २०२४ मध्ये चंद्रावर उतरले. तेही रात्र सोसण्यासाठी बनवलेले नव्हते, तरी तीन चांद्ररात्रींनंतर त्याच्याशी पुन्हा संपर्क झाला. चीनच्या यानांत किरणोत्सारी पदार्थाच्या उष्णतेवर चालणारी लहान तापनयंत्रे बसवलेली असतात. भारतानेही या दिशेने पाऊल टाकले असून चांद्रयान-३ च्या प्रणोदन भागावर अणुऊर्जा विभागाने दिलेली, प्रत्येकी एक वॅट क्षमतेची अशी दोन तापनयंत्रे प्रायोगिक स्वरूपात पाठवण्यात आली होती.

मंगळावरील ‘इंजेन्युइटी’ या अमेरिकी हेलिकॉप्टरची हकिगत तर सामान्य ग्राहकाच्या अधिक जवळची आहे. त्यात बाजारात मिळणाऱ्या प्रकारचेच सहा लिथियम-आयन घट बसवले होते. उणे ८० अंशांपर्यंत घसरणाऱ्या रात्री त्यांना ऊब देण्यातच बरीचशी ऊर्जा खर्च होत असे. २०२२ मध्ये धूळ आणि हिवाळा यांमुळे सौरऊर्जा अपुरी पडू लागली, तेव्हा तापनयंत्र सुरू होण्याची मर्यादा उणे १५ अंशांवरून उणे ४० अंशांवर नेण्यात आली. पाच उड्डाणांसाठी पाठवलेल्या या हेलिकॉप्टरने जानेवारी २०२४ पर्यंत ७२ उड्डाणे केली. मर्यादा कोठे आहे हे मोजून ठरवले, आणि ती ओलांडताना काय गमवावे लागेल याचा हिशेब मांडला, तर साधे घटही मोठी मजल मारू शकतात, असा याचा अर्थ आहे.

थंडी आणि उष्णता : दोन वेगळे धोके

लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन विद्युत अपघटनी द्रवातून एका अग्राकडून दुसऱ्या अग्राकडे जातात आणि चार्ज करताना परत येतात. थंडीत हा द्रव दाट होतो, आयनांची गती मंदावते आणि बॅटरीतून मिळणारी ऊर्जा घटते. उणे २० अंशांवर काही बॅटऱ्यांची उपयुक्त क्षमता निम्म्यापर्यंत येऊ शकते. हिमालयात जाणाऱ्या गिर्यारोहकांना हा अनुभव नवा नाही. कॅमेऱ्याची बॅटरी संपली असे वाटते, मात्र ती काही वेळ अंगाजवळच्या खिशात ठेवली की पुन्हा चालू लागते. म्हणजेच थंडीत वापरताना झालेली घट बव्हंशी तात्पुरती असते.

थंडीत चार्ज करण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. शून्य अंशांच्या खाली चार्ज केल्यास लिथियमचे आयन ग्रॅफाईटच्या थरांत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू शकतात. हे नुकसान कायमचे असते. साचलेल्या धातूचे सुईसारखे कोंब वाढून दोन अग्रांमधील पडदा भेदला गेला तर आतल्या आत शॉर्टसर्किट होण्याचा धोका असतो. म्हणूनच चांगल्या वाहनांत बॅटरी आधी उबदार केली जाते आणि मगच चार्जिंग सुरू होते. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील शिकागो परिसरात कडाक्याच्या थंडीत चार्जिंग केंद्रांवर मोटारींच्या रांगा लागल्या, त्यामागे हेही एक कारण होते.

उष्णतेचा परिणाम याच्या उलट असतो. उन्हाळ्यात बॅटरी जोमाने काम करते, त्यामुळे हानी होत असल्याचे वापरणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मात्र तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. बॅटरीला झिजवणाऱ्या क्रियाही याच वेगाने वाढतात आणि तिचे आयुष्य घटते. बॅटरी पूर्ण भरलेली असताना ही झीज अधिक होते.

आग लागण्याची प्रक्रिया ही त्याच्याही पुढची पायरी आहे. घटाच्या आतील तापमान १०० अंशांच्या आसपास गेले की आतील संरक्षक थर विघटित होऊ लागतो. सुमारे १३० अंशांना दोन अग्रांमधील प्लास्टिकचा पडदा वितळू लागतो. त्यानंतर घट स्वतःच उष्णता निर्माण करू लागतो, ती शेजारच्या घटाला मिळते आणि आग पसरत जाते. बहुतेक प्रचलित घटांच्या तांत्रिक पत्रकांत वापरासाठी उणे २० ते ६० अंश आणि चार्जिंगसाठी शून्य ते ४५ अंश अशी मर्यादा दिलेली असते, ती या सर्व बाबी विचारात घेऊनच.

२०२२ चा उन्हाळा

देशात हा विषय ऐरणीवर आला तो २०२२ च्या उन्हाळ्यात. २६ मार्च रोजी पुण्यातील लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला. त्याच सुमारास तमिळनाडूतील वेल्लोर येथे घरात चार्ज होत असलेल्या स्कूटरच्या आगीत वडील आणि त्यांच्या १३ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. ९ एप्रिल रोजी नाशिकहून बंगळुरूकडे निघालेल्या कंटेनरमधील ४० पैकी २० स्कूटर जळाल्या. या आगीत जीवितहानी झाली नाही. एप्रिलमध्येच तीन कंपन्यांनी अनुक्रमे ३,२१५, २,००० आणि १,४४१ वाहने तपासणीसाठी परत मागवली.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी निष्काळजी कंपन्यांवर कारवाईचा इशारा दिला. मार्च ते मे या काळात तापमान वाढते आणि बॅटरीची अडचण त्यातून उद्भवत असावी, असे मतही त्यांनी त्या वेळी व्यक्त केले होते. या विधानावर बरीच चर्चा झाली. उष्णतेचा ताण नाकारता येत नाही. मात्र ४५ अंशांची हवा आणि घटातील पडदा वितळण्याचे १३० अंश यांत मोठे अंतर आहे. निर्दोष घट, योग्य बांधणी आणि सक्षम नियंत्रण यंत्रणा असेल तर केवळ उन्हाने हे अंतर पार होत नाही. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या प्रयोगशाळेकडे चौकशी सोपवण्यात आली. घटांचा दर्जा, बॅटरीची बांधणी आणि तिची नियंत्रण यंत्रणा यांतील त्रुटी त्यातून समोर आल्याचे त्या वेळी सांगण्यात आले.

पुढील घटनांनी हे अधिक ठळक केले. त्याच वर्षी १२ सप्टेंबर रोजी सिकंदराबाद येथे हॉटेलच्या इमारतीतील इलेक्ट्रिक वाहनांच्या दालनात लागलेल्या आगीने आठ जणांचा बळी घेतला. सप्टेंबरमध्येच वसई येथे घरात रात्री चार्ज होत असलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. त्यात भाजलेल्या सात वर्षांच्या मुलाचा नंतर मृत्यू झाला. सप्टेंबर हा वैशाखवणव्याचा महिना नव्हे आणि पहाट ही दिवसातील थंड वेळ असते. त्यामुळे तापमान हे या दुर्घटनांचे एकमेव कारण ठरत नाही. सदोष बॅटरी लवकर उघडी पाडणारे ते एक निमित्त ठरते.

नियम बदलले, प्रश्न उरले

या घटनांनंतर केंद्र सरकारने तज्ज्ञ समितीच्या शिफारशींनुसार ए.आय.एस.-१५६ या मानकात सुधारणा केली. तिचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून, तर दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. घटांमध्ये पुरेसे अंतर, वायूचा दाब बाहेर सोडण्याची व्यवस्था, जादा तापमान-संवेदक, धोक्याची सूचना देणारा आवाज आणि दिवा, तसेच घटांवर निर्मितीची तारीख अशा तरतुदी त्यात आहेत. एका घटात बिघाड झाला तरी आग संपूर्ण बॅटरीत पसरू नये, यासाठीची चाचणीही दुसऱ्या टप्प्यात समाविष्ट झाली. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच ‘अराई’, आणि अन्य मान्यताप्राप्त संस्थांत या चाचण्या होतात.

हे पाऊल निश्चितच महत्त्वाचे आहे. मात्र चाचणीला दिलेला नमुना आणि कारखान्यातून रोज बाहेर पडणारे उत्पादन यांचा दर्जा सारखा राहतो का, हे सतत तपासावे लागते. नियम लागू होण्यापूर्वी विकली गेलेली वाहने, जुन्या घटांपासून पुन्हा बांधलेल्या बॅटऱ्या आणि मूळ चार्जरऐवजी घेतलेले स्वस्त चार्जर यांपर्यंत नव्या चाचणीचे संरक्षण आपोआप पोहोचत नाही.

दुसरा मुद्दा प्रत्यक्ष हवामानाचा आहे. हवामान विभाग नोंदवतो ते तापमान सावलीतील हवेचे असते. उन्हात उभ्या केलेल्या वाहनाच्या आसनाखाली किंवा तापलेल्या डांबरी रस्त्याच्या निकट बॅटरीला सोसावे लागणारे तापमान त्याहून अधिक असते. तुलनेने सौम्य मानल्या जाणाऱ्या बंगळुरूतही २४ एप्रिल २०१६ रोजी ३९.२ अंशांची नोंद झाली होती. विदर्भ आणि मराठवाड्यात तर उन्हाळ्यात ४० अंशांच्या वरचे दिवस ही नित्याची बाब आहे. चार्जिंगची ४५ अंशांची मर्यादा अशा ठिकाणी दूरची राहत नाही. धावून आलेली, आतून तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावली तर ती मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते.

चार्जिंगपूर्वी बॅटरी निवू द्यावी, हा सल्ला त्यामुळे सर्वत्र दिला जातो. तो योग्यही आहे. मात्र प्रत्येक फेरीमागे मोबदला मिळणाऱ्या तरुणाला अर्धा तास थांबणे म्हणजे तेवढी कमाई सोडणे असते. त्याचे वाहन बहुधा भाड्याचे असते, निवासस्थान लहान असते आणि बॅटरी झोपण्याच्या खोलीतच चार्ज करावी लागते. न्यूयॉर्क शहरात २०२३ मध्ये लिथियम बॅटऱ्यांमुळे लागलेल्या आगींत १८ जणांचा मृत्यू झाला. घरपोच सेवा देणाऱ्या कामगारांच्या ई-सायकली हा तेथेही चिंतेचा विषय होता. त्या शहराने सप्टेंबर २०२३ पासून प्रमाणित बॅटरी नसलेल्या ई-सायकलींच्या विक्रीस मनाई केली. कामगाराला केवळ सावधगिरीचा उपदेश करून हा प्रश्न सुटत नाही, हे या अनुभवावरून दिसते. बॅटरी बदलून देणारी केंद्रे, सावलीतील सामायिक चार्जिंगच्या जागा आणि ठरावीक तापमानाच्या वर चार्जिंग स्वतःहून थांबवणारी यंत्रणा हे अधिक परिणामकारक उपाय ठरतात.

योग्य रसायनाची निवड

सर्व लिथियम बॅटऱ्या सारख्या नसतात, ही बाबही ग्राहकांपर्यंत पुरेशी पोहोचलेली नाही. निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असलेले घट कमी वजनात अधिक ऊर्जा देतात. लोह आणि फॉस्फेट असलेले घट उष्णतेत अधिक स्थिर राहतात आणि दीर्घकाळ टिकतात, मात्र थंडीत त्यांची कामगिरी खालावते. त्यामुळे विदर्भातील रिक्षा किंवा सौर दिव्यासाठी लोह-फॉस्फेट घट अधिक योग्य ठरतात, तर लडाखमधील उपकरणासाठी तेच घट उबेची सोय केल्याशिवाय पुरेसे ठरत नाहीत. टायटेनेट असलेले घट थंडीतही चार्ज करता येतात, पण ते महाग असून त्यांत ऊर्जा कमी मावते. सोडियम-आयन बॅटऱ्यांकडेही थंडीतील चांगल्या कामगिरीमुळे लक्ष वेधले जात आहे.

विजेरी किंवा दिशादर्शक यंत्रात वापरले जाणारे, पुन्हा चार्ज न होणारे लिथियम सेल हा आणखी वेगळा प्रकार आहे. त्यांपैकी काही उणे ४० अंशांपर्यंत चालतात, म्हणून उंचावरील मोहिमांत त्यांना पसंती मिळते. मात्र नावात लिथियम आहे म्हणून ते चार्जरला लावणे धोक्याचे असते.

इस्रोने २०१८ मध्ये आपले लिथियम-आयन घटांचे तंत्रज्ञान एक कोटी रुपये शुल्कात भारतीय उद्योगांना देऊ केले आणि नंतर दहा कंपन्यांची त्यासाठी निवड झाली. देशाची गरज पाहता हा आरंभ लहान आहे. शिवाय अवकाशासाठी बनलेल्या घटाची किंमत रस्त्यावरील वाहनाला परवडणारी नाही, हा उद्योगांचा आक्षेपही रास्त आहे.

मात्र अवकाश कार्यक्रमाकडून घेण्यासारखी सर्वात मोलाची गोष्ट महाग नाही. साधन कोणत्या परिस्थितीत वापरले जाणार हे आधी ठरवणे, त्या परिस्थितीत ते तपासणे आणि त्याची मर्यादा स्पष्टपणे जाहीर करणे, ही ती पद्धत आहे. सुट्या घटांसाठी आणि पॉवर बँकांसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. त्याच धर्तीवर, बाहेर वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणावर वापराचे आणि चार्जिंगचे तापमान ग्राहकाच्या भाषेत, ठळक अक्षरांत छापणे सक्तीचे करता येईल. औषधाच्या बाटलीवर ती कोठे ठेवावी हे लिहिलेले असते. स्कूटरच्या बॅटरीबाबत तीच माहिती अनेकदा इंग्रजी पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत दडलेली असते.

उन्हाळे अधिक तीव्र होत असताना इलेक्ट्रिक वाहनांची संख्याही वाढत आहे. या दोन्ही गोष्टी आता अनपेक्षित राहिलेल्या नाहीत. त्यामुळे पुढील दुर्घटनेनंतर पारा चढल्याचे कारण पुढे करणे उत्पादकांना आणि नियामकांनाही कठीण जाईल. नागपूरचा मे महिना आणि द्रासचा जानेवारी किती अंशांचा असतो हे सर्वांना ठाऊक आहे. त्या अंशांसाठी बनवलेली आणि तपासलेली बॅटरी मागणे हा ग्राहकाचा हक्क मानला गेला, तरच या तंत्रज्ञानावरील विश्वास टिकून राहील.